अ‍ॅम्ब्युलन्स येईपर्यंतचा तास : शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर फर्स्ट रिस्पॉन्डर गट कसा उभा करायचा?

किन्हवली_कट्टा

ठाणे जिल्हा म्हटलं की घोडबंदर रोड आणि लोकलची गर्दी आठवते. पण १ ऑगस्ट २०१४ला पालघर वेगळा झाला तरी शहापूर आणि मुरबाड हे दोन डोंगराळ तालुके ठाण्यातच राहिले. भातसा-तानसाच्या पाण्यामागचे पाडे, कसाऱ्याच्या आतल्या वाड्या, माळशेजच्या पायथ्याची गावं. पावसाळ्यात इथे अ‍ॅम्ब्युलन्सचा रस्ता आधी संपतो आणि रुग्णाचं घर पुढे कुठेतरी असतं.

राज्यात १०८ची सेवा २०१४मध्ये ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली. त्यातल्या २३३ एएलएस, म्हणजे व्हेंटिलेटर वगैरे असलेल्या, आणि ७०४ बीएलएस, म्हणजे प्राथमिक सोयींच्या. आपल्याकडे या गाडीत डॉक्टर असतो, ही मोठी जमेची बाजू. पण गाडी कितीही चांगली असली तरी फोन लागल्यापासून ती डांबरी रस्त्याला येईपर्यंतचा वेळ आणि पाड्यापासून त्या डांबरापर्यंतचा वेळ, हे दोन्ही वेळ गावालाच सांभाळावे लागतात. त्यासाठीच हा धागा : फर्स्ट रिस्पॉन्डर, म्हणजे गाडी येण्याआधी पोचून मदत करणाऱ्या गावकऱ्यांचा गट. दोष कोणाचा ही चर्चा इथे नको. गट बांधायला बसलेल्या माणसाला उपयोगी पडेल असा नेमका तपशील लिहूया.

सुरुवात माणसांच्या निवडीपासून करतो, कारण बहुतेक गट इथेच फसतात. प्रशिक्षणाला उत्साही तरुण पोरं पाठवली जातात. ती सकाळी आसनगावहून लोकल धरतात, नाहीतर भिवंडीच्या गोदामांत कामाला जातात. दिवसा गावात उरतात आशाताई, शेतावरचे लोक, दुकानदार, अंगणवाडी सेविका. म्हणून यादी करताना प्रत्येक नावापुढे दोनच गोष्टी लिहा : दुपारी बारा वाजता हा माणूस कुठे असतो आणि रात्री दोन वाजता कुठे असतो. एका पाड्याला किमान सहा जण हवेत. त्यात दोन बायका, रात्री गाडी काढू शकेल असा एक जीप किंवा इको वाला, आणि जवळ पाणी असेल तर एक पट्टीचा पोहणारा. अठरा वर्षांखालचं कोणी नको. सगळा भार आशाताईंवर टाकू नका, त्यांच्याकडे आधीच डोंगराएवढं काम आहे. त्यांना गटात जरूर घ्या, पण पहिला फोन त्यांनाच जाईल अशी रचना नको.

दुसरी गोष्ट बोलावण्याची. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'कोणीतरी या' असं टाकलं की रात्री ते कोणीही वाचत नाही. तीन नंबर क्रमाने ठरवा. पहिला पाच रिंगमध्ये उचलत नाही, दुसरा लावा, मग तिसरा. मेसेज नाही, फोनच. जिथे रेंज नाही तिथे शाळेची घंटा किंवा देवळातला भोंगा वापरा आणि खूण ठरवून ठेवा. कोणत्या टेकाडावर कोणत्या कंपनीची रेंज मिळते हे पाड्यातल्या प्रत्येक पोराला ठाऊक असायला हवं.

---

खूणगाठ

फार गरजेचा धागा. १०८ला काय सांगायचं त्यावर लिहितो.

आपल्याकडे ठाकूरवाडी, कातकरवाडी, वरचा पाडा या नावाच्या वस्त्या तालुक्यातालुक्यात आहेत. फोनवर नुसतं 'ठाकूरवाडीला या' म्हटलं की गाडी भलतीकडे जाण्याची पूर्ण सोय झाली. बोलायचा क्रम असा ठेवा : जिल्हा, तालुका, ग्रामपंचायत, पाडा, मग गाडी जिथे थांबू शकेल ती खूण (शाळा, पुलाची मोरी, एसटीचा थांबा). त्यानंतर रुग्णाला काय झालं, शुद्धीत आहे का, श्वास चालू आहे का, वय किती. शेवटी ज्याची रेंज टिकते असा फोन नंबर. समोरचा ठेवा म्हणेपर्यंत फोन ठेवायचा नाही.

हा मजकूर तुमच्या पाड्याच्या नावासकट एका पत्र्याच्या पाटीवर ऑइलपेंटने लिहून शाळेच्या भिंतीवर, रेशन दुकानात आणि पोलीस पाटलांच्या ओट्यावर लावा. घाबरलेला माणूस स्वतःच्या गावाचं नावसुद्धा विसरतो, पाटी असली की वाचून सांगतो. छापील फ्लेक्स एका पावसाळ्यात फिका पडतो.

हायवेवर असाल तर किलोमीटरचा दगड आणि दिशा सांगा, 'नाशिककडे जाणारी बाजू' किंवा 'कल्याणकडे जाणारी बाजू'. मधला दुभाजक ओलांडायला गाडीला कधी कधी कित्येक किलोमीटर पुढे जाऊन वळावं लागतं.

बाळंतपणासाठी आणि लहान बाळांसाठी १०२ची गाडी असते, घरून दवाखान्यात आणि परतही, मोफत. ती पीएचसीशी (प्राथमिक आरोग्य केंद्राशी) जोडलेली असते. त्यामुळे पीएचसीचा नंबर आणि तिच्या ड्रायव्हरचा नंबर वेगळा लिहून ठेवा. मारामारी, आग, बुडणं अशा ठिकाणी पोलीसही लागतात, तेव्हा ११२.

आणि एक माणूस फक्त गाडीला वाट दाखवायला फाट्यावर उभा राहिला पाहिजे, रात्री हातात बॅटरी घेऊन. पायलटला (१०८च्या चालकाला सगळे पायलटच म्हणतात) आतला रस्ता माहीत असेलच असं नाही.

---

पांढरा_डगला

बॅगेबद्दल. लोक आधी बॅग विकत घेतात आणि मग काय भरायचं ते शोधतात. आमचा आग्रह कमी वस्तूंचा आहे, पण प्रत्येक वस्तू अंधारातही हाताला लागली पाहिजे.

नायट्राइल ग्लोव्हज १० जोड्या. निर्जंतुक गॉज १० बाय १० सेंमी, २० पाकिटं. रोलर बँडेज १० सेंमीची चार, १५ सेंमीची चार. त्रिकोणी बँडेज सहा. झोळी, पट्टी, बांधणी सगळ्याला हेच कामाला येतं. दोन तयार टूर्निके (रक्त थांबवायला हात-पाय आवळायचा दांडीवाला पट्टा). तोंडाने श्वास द्यायचा व्हॉल्ववाला पॉकेट मास्क एक. कपडे कापायची बोथट टोकाची कात्री. डोक्याला लावायची बॅटरी आणि सुटे सेल. दोन फॉइल ब्लँकेट. पक्क्या शाईचं मार्कर. ओआरएस पाच पुड्या, ग्लुकोज पावडर. सीलबंद डिलिव्हरी किट एक. पल्स ऑक्सिमीटर. वही आणि पेन्सिल (पेन पावसात चालत नाही).

बिघडतं काय? दमटपणा. जुलै-ऑगस्टमध्ये चिकटपट्टीचा गोंद सुटतो, गॉजच्या कागदी पाकिटावर बुरशीचे ठिपके येतात, लॅटेक्सचे ग्लोव्हज एकमेकांना चिकटून फाटतात. म्हणून प्रत्येक गट वेगळ्या झिपच्या पिशवीत आणि सगळं मिळून झाकणाच्या प्लास्टिक डब्यात. ऑक्सिमीटरचे सेल बाहेर काढून ठेवा, आत ठेवले की गळतात. बोटं गार असतील, नेलपॉलिश किंवा गडद मेंदी असेल तर त्याचा आकडा खोटा येतो. बोट चोळून गरम करा, दुसरं बोट लावा, नाहीतर आकडा सोडून द्या आणि श्वास मोजा. मिनिटाला ३०च्या वर किंवा १०च्या खाली, दोन्ही वाईट.

बॅगेत इंजेक्शन, सलाइन, सर्पदंशाची लस, अ‍ॅंटिबायोटिक काहीही नको. हे खरंच ठाम सांगते. स्वयंसेवकाने सुई टोचली की गटावरचा विश्वास आणि कायद्याचं संरक्षण दोन्ही धोक्यात येतं. छातीत दुखणाऱ्या माणसाला अ‍ॅस्पिरिनची गोळी चावायला द्यायची की नाही हेसुद्धा फोनवर डॉक्टरला विचारूनच. काहींना अ‍ॅलर्जी असते, काहींना आतून रक्तस्राव चालू असतो.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी डबा उघडून यादीशी ताळा करायचा, तारखा पाहायच्या, सही करायची.

---

सर्पसखा

ज्या विषयावर आपल्या भागात सर्वांत जास्त जीव वाचू शकतात त्यावर सविस्तर लिहितो. सर्पदंश.

आपल्याकडचे चार मुख्य विषारी : नाग, मण्यार, घोणस, फुरसं. दवाखान्यातली लस (एएसव्ही, म्हणजे विषावरचा उतारा) याच चार जातींवर चालते. माळशेजच्या रानात हिरवा चापडा मिळतो, त्याच्यावर ती लागू पडत नाही. तरी रुग्णाला दवाखान्यातच न्यायचं, कारण सूज आणि रक्ताच्या तपासण्या लागतातच.

मण्यार सर्वांत फसवी. रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दंश दुखत नाही, सूज नाही, कित्येकदा खूणही दिसत नाही. पहाटे पोटात कळ येते, उलटी होते, घसा धरल्यासारखा वाटतो आणि मग पापण्या खाली येतात. घरचे समजतात पित्त झालं. म्हणून गटातल्या प्रत्येकाने हे वाक्य पाठच करावं : पावसाळ्यात, जमिनीवर झोपलेला, पहाटे पोटदुखी आणि डोळे उघडत नाहीत, तर मण्यार समजून निघायचं. साप दिसला का याची वाट पाहायची नाही.

काय करायचं :

रुग्णाला आडवं करा, चालू देऊ नका. अंगठी, बांगड्या, पैंजण, जोडवी, करगोटा, घड्याळ ताबडतोब काढा. सूज आली की ते कापावे लागतात. दंशाचा हात किंवा पाय मोडलेल्या हाडासारखा फळी किंवा बांबूच्या कामटीला सैल बांधा, बोट आत सरकलं पाहिजे. जखम धुवायची, चोखायची, कापायची, चुना-हळद लावायची नाही. सूज कुठपर्यंत आहे तिथे मार्करने रेघ मारून शेजारी वेळ लिहा, दर १५ मिनिटांनी नवी रेघ. उलटी होत असेल किंवा गिळता येत नसेल तर डाव्या कुशीवर. तोंडाने काही द्यायचं नाही.

विष श्वासाच्या स्नायूंवर येतंय का हे ओळखायची साधी चाचणी आहे. रुग्णाला मोठा श्वास घ्यायला सांगा आणि त्याच एका श्वासात एक, दोन, तीन असं मोठ्याने मोजायला लावा. किती आकड्यांपर्यंत पोचला ते लिहा. पंधरा मिनिटांनी पुन्हा. आधी २५, मग १८, मग ११ असा आकडा उतरत गेला तर श्वास बंद पडायची वेळ जवळ येतेय. ती चिठ्ठी डॉक्टरांच्या हातात द्या. त्यांना हीच माहिती हवी असते.

साप मारून नेण्यात वेळ घालवू नका. मेलेल्या सापाच्या डोक्यानेही दंश होतो. सुरक्षित अंतरावरून फोटो मिळाला तर ठीक, नाही मिळाला तरी अडत नाही. उपचार लक्षणांवर होतो.

गाडीचं. १०८ला वेळ लागणार असेल तर मोटरसायकल वाईट नाही. पुढे चालक, मधे रुग्ण, मागे धरणारा तिसरा. मागचा माणूस रुग्णाला दोन्ही बाजूंनी कवेत घेतो आणि त्याची मान आपल्या खांद्यावर टेकवून घेतो, म्हणजे शुद्ध हरपली तरी रुग्ण घसरत नाही. मागच्याचं दुसरं काम रुग्णाचा श्वास ऐकत राहायचं. नेपाळच्या तराईत दमक भागातल्या गावांत असे मोटरसायकलवाले स्वयंसेवक नेमून लोकांना जागृत केलं, तर तिथलं सर्पदंशाच्या रुग्णांतलं मृत्यूचं प्रमाण १०.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यांवर आलं. कुठलंही नवीन औषध नाही, फक्त माणूस लवकर पोचला.

पण कुठे पोचला हेही महत्त्वाचं. निघायच्या आधी फोन करून विचारा : लस आहे का, किती व्हायल (छोट्या बाटल्या) आहेत, आत्ता डॉक्टर आहेत का. पहिल्या डोसलाच ८ ते १० व्हायल लागतात, आणि लहान मुलालाही तेवढ्याच, कारण सापाने विष मुलाचं वजन बघून सोडलेलं नसतं. जवळच्या पीएचसीत लस सुरू करून पुढे हलवता येतं. पण तिथे नसेल तर शहापूरचं उपजिल्हा रुग्णालय, मुरबाडचं ग्रामीण रुग्णालय, पुढे उल्हासनगरचं मध्यवर्ती किंवा कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय. श्वासाचा त्रास सुरू झालेला असेल तर व्हेंटिलेटर कुठे मोकळा आहे हे १०८च्या डॉक्टरकडूनच ठरवून घ्या. एका दवाखान्याच्या दारातून दुसऱ्याच्या दारात फिरण्यातच सर्वांत जास्त वेळ जातो.

---

नवीन_आयडी

खूप उपयुक्त. एक शंका. बॅगेच्या यादीत टूर्निके आहे आणि सर्पसखा म्हणतात दंशाला घट्ट बांधायचं नाही. मग टूर्निके वापरायचं कधी? गावात गोंधळ होईल.

---

पांढरा_डगला

गोंधळ होतोच, म्हणून प्रशिक्षणात हे दोन्ही विषय एकाच दिवशी शिकवू नयेत असं माझं मत आहे.

साप चावला : कधीच नाही. घट्ट बांधलेला पाय काळा पडतो, आणि दवाखान्यात पट्टी एकदम सोडली की साचलेलं विष एका दमात अंगात जातं. कोणी आधीच बांधून आणलं असेल तर वाटेत सोडू नका, डॉक्टरांसमोर सोडू द्या.

हात-पाय तुटून, कोयता लागून, भातझोडणीच्या मशीनमध्ये अडकून रक्ताची चिळकांडी उडतेय आणि दाबूनही थांबत नाही : तेव्हाच टूर्निके.

क्रम लक्षात घ्या. आधी ग्लोव्हज. जखमेवर थेट गॉज ठेवून दोन्ही तळहातांनी, कोपर सरळ ठेवून, अंगाचा भार देऊन दाबा. गॉज भिजला तर काढू नका, वरून दुसरा. दहा मिनिटं न उचलता. 'थांबलं का बघू' म्हणून दर मिनिटाला उचललं की धरू लागलेली गुठळी तुटते. जांघेत, काखेत, मानेच्या मुळाशी टूर्निके बसतच नाही. तिथे गॉज बोटाने जखमेच्या तळापर्यंत ठासून भरायचा आणि वर दाब ठेवायचा.

टूर्निके बांधायचं ते जखमेच्या वर ५ ते ७ सेंमी, म्हणजे तीन-चार बोटं, सांध्यावर नाही. पट्टा आधी हातानेच जितका ओढता येईल तितका ओढा. इथे ढील राहिली तर दांडी कितीही फिरवा, उपयोग नाही, हीच सर्वांत नेहमीची चूक. मग दांडी फिरवा, रक्त थांबेपर्यंत. रुग्ण ओरडेल, दुखतंच. दांडी अडकवा, कपाळावर किंवा पट्ट्यावर मार्करने वेळ लिहा. नंतर ते सैल करायचं नाही, वर चादर टाकून झाकायचंही नाही, डॉक्टरला दिसलं पाहिजे. अर्धवट घट्ट बांधलेलं सर्वांत वाईट. शिरेचं रक्त अडतं, धमनीचं आत येत राहतं आणि रक्तस्राव वाढतो.

तयार नसेल तर चार बोटं रुंद घडी केलेलं त्रिकोणी बँडेज आणि लाकडी दांडका. तार, सुतळी, चपलेचा पट्टा नको, तो मांस कापतो.

---

भातसाकाठ

बुडण्यावर. भातसाचा कालवा, बारवी, कोंडेश्वरची कुंडं, माळशेजचे धबधबे. जून ते सप्टेंबर हा विषय संपत नाही.

पहिला नियम, हाताला दोर नसताना पाण्यात उडी नाही. बुडणारा माणूस वाचवणाऱ्यालाही खाली ओढतो. बांबू, दोर, रिकामं पाच लिटरचं कॅन (झाकण घट्ट लावून, दोराला बांधून) फेकायचं. हे कॅन आणि १५ मीटर दोर प्रत्येक धोक्याच्या घाटावर टांगून ठेवता येतो, खर्च जवळपास शून्य.

बाहेर काढल्यावर पोट दाबायचं नाही, उलटं टांगायचं नाही, चाकावर फिरवायचं नाही. पोटातलं पाणी वर येऊन फुप्फुसात जातं. हाका मारा, खांदा हलवा, श्वास बघा, दहा सेकंदांत. श्वास नाही तर बुडालेल्याला आधी श्वास द्यायचे, कारण त्याचं हृदय ऑक्सिजनअभावी थांबलेलं असतं. मास्क लावून छाती उचलेल एवढे दोन श्वास (काही ठिकाणी पाच शिकवतात, तुमच्या प्रशिक्षकाचं ऐका), मग ३० दाब, २ श्वास. तोंडातून फेस येत राहतो, तो पुसत बसू नका.

दाब छातीच्या मधोमध, मिनिटाला १०० ते १२०, मोठ्या माणसात ५ ते ६ सेंमी खोल, प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. खाटेवर, गादीवर केलेला सीपीआर (हे छातीचे दाब आणि श्वास) गादीलाच दाबतो, जमिनीवर घ्या. दोन मिनिटांनी माणूस बदला, थकल्यावर नव्हे, घड्याळावर. थकलेल्याला स्वतःला कळत नाही की त्याचा दाब उथळ झालाय. मोठ्या माणसाचं हृदय अचानक बंद पडलं आणि श्वास द्यायला मन घेत नसेल तर नुसते दाबही चालतात. इंडियन रेससिटेशन काउन्सिलने सामान्य लोकांसाठी तशीच पद्धत ठेवली आहे. पण बुडालेल्याला आणि लहान मुलाला श्वास हवेतच.

आचके दिल्यासारखा, घोरल्यासारखा अधूनमधून येणारा श्वास म्हणजे श्वास नव्हे. 'अजून धुगधुगी आहे' म्हणून हात लावत नाहीत आणि तिथेच मिनिटं जातात.

वाचलेला माणूस उठून बसला तरी दवाखान्यात. पुढच्या काही तासांत फुप्फुसं भरू शकतात.

एईडी (बंद पडलेल्या हृदयाला विजेचा झटका देणारं मशीन) घ्यायचं का, असं बऱ्याच ग्रामपंचायती विचारतात. माझं मत : आधी फोनची साखळी, वाहन आणि माणसं. मशीनचे पॅड आणि बॅटरी ठरावीक वर्षांनी बदलावे लागतात. तो खर्च दरवर्षीच्या बजेटमध्ये धरला नसेल तर ते कपाटात मेलेलं सापडेल. हायवेवरच्या मोठ्या गावात, पोलीस चौकीत असेल तर जरूर.

---

घाटवाट

रुग्ण उचलून न्यायच्या झोळीबद्दल कोणीच लिहिलं नाही. आपल्याकडे निम्मं काम तेच आहे.

दोन बांबू, प्रत्येकी आठ फूट, मनगटाएवढे जाड, पिवळे पडलेले. हिरवा बांबू लवचिक असतो, झुलतो. एक मोठी घोंगडी किंवा चादर पसरा. रुंदीच्या एक-तृतीयांशावर पहिला बांबू ठेवा, घोंगडीचा छोटा भाग त्याच्यावरून दुमडून आणा. त्या दुमडलेल्या काठाच्या थोडं आत दुसरा बांबू ठेवा आणि उरलेला मोठा भाग त्याच्यावरून दुमडून पहिल्याकडे न्या. गाठ मारायची नाही, रुग्णाचंच वजन घडी धरून ठेवतं. आधी धडधाकट माणूस झोपवून कमरेएवढं उचलून पाहा, मगच रुग्ण.

चार उचलणारे, दोन ते चार बदली. बदली थकायच्या आधी, दर दहा-पंधरा मिनिटांनी, आणि बाजूही बदला. सपाटीवर आणि उतारावर पाय पुढे, चढावर डोकं पुढे, म्हणजे डोकं कायम वरच्या बाजूला राहतं. पावलं एकत्र टाकू नका. एका तालावर चाललं की झोळी झोके घेते आणि रुग्णाला ओकारी येते. डोक्याकडचा उचलणारा म्होरक्या, त्याने चेहऱ्यावरून नजर काढायची नाही.

गरोदर बाईला उताणं ठेवायचं नाही. उजव्या कुशीखाली घडी घालून डावीकडे कलती ठेवा, पोटाचा भार मोठ्या शिरेवर पडत नाही. पावसात अंगाखालीही प्लास्टिक हवं, नुसतं वरून पांघरून भागत नाही. गारठलेल्या माणसाचं रक्त नीट गोठत नाही, रक्तस्राव झालेल्याला ऊब हे औषधच आहे.

पडून मान-पाठ दुखावली असेल, हातापायाला मुंग्या असतील तर घोंगडीची झोळी नको. दार, फळी, शाळेचा बाक, कडक काहीही. तीन-चार जणांनी लाकडाच्या ओंडक्यासारखं एकसंध वळवायचं, आज्ञा डोकं धरणाऱ्याची.

---

आशा_सेतू

वाटेतच बाळंत होणाऱ्या बाईबद्दल थोडं.

डोकं दिसायला लागलं की चालणं थांबवा, आडोसा करा, बाकी पुरुषांनी पाठ फिरवून उभं राहायचं. डोकं ओढायचं नाही, आधार द्यायचा. बाळ बाहेर आलं की आधी कोरड्या कपड्याने चांगलं पुसा, पाठ चोळा, ओला कपडा फेकून द्या, आणि आईच्या छातीवर अंगाला अंग लावून दोघांवर एकच पांघरूण. रडलं नाही तर नाक-तोंड पुसून पुन्हा पाठ चोळा, तळव्यावर टिचक्या. तरीही श्वास नाही तर छोटे, गालात मावतील एवढेच फुंकर-श्वास.

नाळ कापायची घाई नको. सीलबंद ब्लेड आणि क्लॅम्प असेल तरच कापा. नसेल तर न कापता तशीच न्या, काही बिघडत नाही. विळ्याने, चाकूने कापलेली नाळ धनुर्वाताला बोलावणं. वार ओढून काढायची नाही, बाहेर आली तर पिशवीत घालून सोबत. आईच्या बेंबीखाली गर्भाशय चेंडूसारखं कडक लागतंय का बघा, मऊ असेल तर गोल गोल चोळा. पाच-दहा मिनिटांत कपडा चिंब होत असेल तर ही आता सर्वांत तातडीची केस.

---

नवीन_आयडी

अपघातग्रस्ताला उचललं तर पोलीस कोर्टाच्या फेऱ्या घालायला लावतात ही भीती गावात आजही आहे. पोरं म्हणतात मदत करू पण नाव नको.

---

खूणगाठ

सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ला मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाच्या मार्गदर्शक सूचना सगळ्या देशाला लागू केल्या. मग २०१९च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आलं. त्याचे नियम २९ सप्टेंबर २०२०ला निघाले. वाहन अपघातातल्या जखमीला सद्भावनेने, मोबदला न घेता मदत करणाऱ्यावर त्या मदतीत काही चुकलं म्हणून दिवाणी-फौजदारी कारवाई होत नाही. नाव-पत्ता सांगणं ऐच्छिक आहे, दवाखाना अडवून ठेवू शकत नाही, पैसे मागू शकत नाही. हे पानभर मराठीत छापून बॅगेच्या झाकणाला आतून चिकटवा. वाद घालण्यापेक्षा कागद दाखवणं सोपं.

एक बारकावा मात्र सांगायला हवा : हे कलम वाहन अपघातापुरतं आहे. सर्पदंश, बुडणं, बाळंतपण यात ते येत नाही. म्हणूनच शिकवलेल्या प्रथमोपचाराच्या पलीकडे जायचं नाही आणि प्रत्येक गोष्ट वेळेसकट लिहून ठेवायची.

२०२५पासून रस्ते अपघातातल्या जखमीला नेमलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे कॅशलेस उपचार आहेत. कसारा घाटाच्या किंवा कल्याण-नगर मार्गाच्या आसपासच्या गटांनी आपल्या जवळचं नेमलेलं रुग्णालय कोणतं ते आधीच विचारून ठेवा.

आणि हायवेवर स्वतःचा जीव आधी. गाडी ५० मीटर अलीकडे तिरकी लावून ब्लिंकर चालू, मागे एक माणूस बॅटरी घेऊन, मगच जखमीकडे. घाटात धुकं असेल तर अंतर दुप्पट.

---

किन्हवली_कट्टा

सगळ्यांचे मनापासून आभार. धाग्यातून राहिलेली एक गोष्ट : रुग्ण सोपवताना काय बोलायचं.

अ‍ॅम्ब्युलन्स आली की सहा जण एकदम बोलतात आणि डॉक्टरला काहीच कळत नाही. एकाच माणसाने बोलायचं, हातात चिठ्ठी घेऊन. चिठ्ठीवर वय, काय झालं, किती वाजता झालं, सापडला तेव्हा कसा होता, आता कसा आहे, आपण काय केलं, कोणत्या गोळ्या रोज घेतो, शेवटचं कधी खाल्लं. चिठ्ठीची कार्बन कॉपी आपल्या वहीत.

---

सर्पसखा

त्या चिठ्ठीच्या जोडीने पीएचसीला विचारायची एक वस्तू : काचेची कोरडी नवी टेस्ट ट्यूब. घोणस-फुरशाच्या विषाने रक्त गोठत नाही, ते पाहायची चाचणी अगदी साधी आहे. दोन मिली ताजं रक्त काचेच्या नळीत, वीस मिनिटं हात न लावता ठेवायचं, मग एकदाच तिरकी करायची. रक्त पाण्यासारखं ओघळलं तर लस हवी. प्लास्टिकच्या नळीत किंवा साबणाने धुतलेल्या नळीत बिनविषारी दंशातही रक्त गोठत नाही आणि निदान चुकतं. नातेवाईक त्या वीस मिनिटांत 'नुसते बसलेत' म्हणून आरडाओरडा करतात. गटातल्या माणसाने दाराशी उभं राहून त्यांना समजवायचं की आत नळी ठेवलेली आहे, तिला धक्का लागू देऊ नका.

---

घाटवाट

सराव दर तीन महिन्यांनी, त्यातला एक रात्री आणि एक भर पावसात. कोरड्या अंगणात बांधलेली झोळी चिखलात घसरते ते तेव्हाच कळतं. पोळ्यानंतरच्या रविवारी टोकावड्याच्या बाजूला कोणी सराव ठेवत असेल तर इथे लिहा, आठ फुटी बांबू आणि दोन घोंगड्या घेऊन येतो.